बेल वाजत नाही

ऑफिसात तिला सगळे टीपबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. सुरुवातीला तिने रागावून पाहिलं, मग कानाडोळा करून पाहिलं. शेवटी कुणी हाक मारली की "काय आहे?" असं खेकसून ओ द्यायची तिला सवय लागली. नाव पडलं ते तिच्या खोडीमुळे. कुणाचंही कोड तपासायला आलं की बाकीचे लोक कोड वाचत आणि ही आधी त्या कोडच्या डोक्यावर लिहिलेली कॉमेंट वाचायची. कॉमेंट म्हणजे माणसांनी माणसांसाठी लिहून ठेवलेली टीप. संगणक तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. खाली काय चाललंय, कशासाठी चाललंय, हात लावण्याआधी काय सांभाळायचं, हे तिच्यात लिहिलेलं असतं. म्हणजे असायला हवं. प्रत्यक्षात खालचं कोड दहा जण दहा वेळा बदलतात आणि वरची टीप जन्माला आली तशीच राहते. जो तो म्हणतो, कोड चालतंय ना, मग झालं तर.

ते "मग झालं तर" ऐकलं की टीपबाईच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

कंपनी घरी वापरायची प्राणवायूची यंत्रं बनवायची. फुप्फुसं थकलेल्या माणसाच्या पलंगाशेजारी ठेवायचं, नळी नाकाला लावायची, आणि नळी निसटली की यंत्राने बेल वाजवून घर गोळा करायचं. असं एक यंत्र टीपबाईच्या स्वतःच्या घरी, सासूबाईंच्या पलंगाशेजारी होतं. त्यामुळे बाकीच्यांना जी कंपनी फक्त नोकरी होती, ती हिच्या घरात रात्रंदिवस घरघरत होती. यंत्राच्या पोटात छोटा संगणक, संगणकात ऑपरेटिंग सिस्टिम आणि त्या सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल. हा कर्नल कुणा एका कंपनीचा नाही. जगभरातली माणसं तो मिळून लिहितात. कुणालाही दुरुस्ती सुचवता येते. ती ईमेलने पाठवायची, आणि त्या त्या भागाची राखण करणाऱ्या माणसाला पटली तर तो ती आत घेतो. टीपबाईच्या आयुष्यात घोडं अडायचं ते या "पटली तर" पाशी.

ज्या कॉमेंटवरून पुढचं सगळं रामायण झालं ती अगदी साधी होती. यंत्रात एकाच वेळी पुष्कळ कामं चालू असतात. कुठे काही घडलं, नळी निसटली, बॅटरी उतरली, की त्याची नोंद एका सामायिक यादीत टाकायची असते. दोघांनी एकदम यादीत हात घातला तर एकाची नोंद पुसली जाते. म्हणून आधी येणाऱ्याने कडी लावायची, काम झालं की काढायची. त्या कडीला लॉक म्हणतात. नोंद टाकणाऱ्या कर्नलमधल्या फंक्शनच्या, म्हणजे कोडच्या तुकड्याच्या, वर लिहिलं होतं की लॉक हे फंक्शन स्वतःच लावतं, ते बोलावणाऱ्याने, म्हणजे वापरणाऱ्याने, त्याची काळजी करू नये. आणि कित्येक वर्षांपूर्वी कुणीतरी शहाण्याने ते लॉक आतून काढून बाहेर नेलं होतं. आता बोलावणाऱ्यानेच ते लावून यायचं होतं. त्या वेळी जे जे बोलावणारे होते त्यांची कोडं त्याने इमानाने दुरुस्त केली. वरची टीप मात्र राहिली.

"अरे, हे म्हणजे आमच्या बाथरूमसारखं झालं," टीपबाईने चहाच्या टेबलावर सगळ्यांना सांगितलं. "आमच्या बाथरूमची आतली कडी निखळली होती. घरातल्यांना माहीत, म्हणून जो आत असेल तो मोठ्याने गायचा. नणंदेचे यजमान मुक्कामाला आले, त्यांना कुणी सांगितलंच नाही. दार लावून निर्धास्त झाले बिचारे. आणि सासूबाईंनी दार उघडलं."

टेबल हसून लोळलं. सगळ्यात मोठ्याने हसला तो तुफान. हा यंत्राच्या बेलचं कोड लिहिणारा तरुण. दोन दिवसांचं काम सकाळी सुरू करून दुपारी संपवायचा म्हणून तुफान.

"मग? मुक्काम वाढवला का त्यांनी?"

"त्यानंतर ते आमच्याकडे राहिलेले नाहीत. सुताराने कडी बसवून दिली त्यालाही आता किती दिवस झाले, पण आमचा नवरा अजून आत गेला की गातोच. बेसूर."

हसणं झालं आणि सगळे उठून गेले. ही गोष्ट आपल्याला लागू आहे असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

टीपबाईने टीप दुरुस्त केली आणि पाठवून दिली. दोन ओळींचं काम. त्या भागाचा राखणदार कुठल्या देशात राहतो, बाई आहे की बुवा, तेही तिला धड ठाऊक नव्हतं. ऑफिसात त्याला किल्लेदार म्हणत, कारण त्याच्या भागात त्याच्या परवानगीशिवाय स्वल्पविरामसुद्धा शिरू शकत नसे. किल्लेदाराचं उत्तर आलं की विषयाच्या ओळीत आधी भागाचं नाव हवं. बरं. नाव घातलं. मग म्हणाला, खुलाशाच्या ओळी फार लांब आहेत, तोडा. तोडल्या. मग त्याच्या लक्षात आलं की याच फाइलमध्ये आणखी काही कॉमेंटी शिळ्या आहेत, हात लावलाच आहे तर त्याही उरका. टीपबाईने शनिवार-रविवार घालवून सगळी फाइल घासूनपुसून लख्ख केली. त्यावर किल्लेदाराने लिहिलं की एका दुरुस्तीत इतक्या गोष्टी कशा चालतील, प्रत्येक वेगळी पाठवा.

"मी काय याच्या घरचं धुणं धुते?" ती नवऱ्याला म्हणाली.

नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा. वर्गभर मुलं रंग सांडत असताना शांत बसायची त्याला सवय होती. "पाठव वेगळी. तुझं काय जातंय?" तो म्हणाला.

तिने वेगळी पाठवली. तोवर त्या खेपेचा दरवाजा बंद झाला होता. नव्या गोष्टी आत घ्यायचे त्यांचे ठराविक आठवडे असतात, ते संपले होते. पुढच्या खेपेला पाठवली तर किल्लेदार विसरलाच. पुन्हा आठवण केली तेव्हा त्याने एका ओळीत विचारलं, या जुन्या कॉमेंटमुळे खरोखर कुणाचं काही बिघडलंय का? की उगाच?

या "उगाच"वर टीपबाईने उत्तर लिहिलं, पुसलं, लिहिलं, पुसलं. जे लिहून पुसलं ते इथे सांगण्यासारखं नाही. शेवटी तिने हात टेकले. दुरुस्ती भिजत घोंगडं होऊन पडली, आणि ती ऑफिसातल्या दुसऱ्या कामांवर, दुसऱ्या माणसांवर चिडायला मोकळी झाली.

घरी सासूबाईंचं राज्य एका खोलीपुरतं उरलं होतं. पॅसेजच्या टोकाला, बाथरूमच्या आधीची खोली त्यांना दिली होती, चालायला कमी पडावं म्हणून. बाई आयुष्यभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर. कानाला हेडफोन, समोर दिव्यांचा फळा, हाताने लाईन जोडायच्या. आवाज अजून खणखणीत होता. फुप्फुसांनीच मान टाकली होती. सकाळी सगळे आपापल्या कामाला जात. नवरा दुपारी शाळेतून यायचा, कॉलेजातली लेक तिच्या मनाला येईल तेव्हा, टीपबाई संध्याकाळी. घरी आल्यावर जो तो आपल्या कोपऱ्यात. सासूबाईंना सोबत म्हणून यंत्र होतंच.

आणि एका दुपारी सासूबाई डुलकी घेत असताना नळी निसटली आणि बेल वाजली नाही.

नवरा घरात होता. बाहेरच्या खोलीत मुलांची चित्रं तपासत बसला होता. तो बाथरूमला जाण्यासाठी उठला, नेहमीप्रमाणे गाणं सुरू केलं, आणि जाता जाता सहज उघड्या दारातून आत बघितलं. आईचे ओठ निळसर पडले होते. हात गादीवर काहीतरी शोधत होता. त्याने नळी लावली, पाठ चोळली, आणि रंग परत येईपर्यंत तिचा हात सोडला नाही. मग टीपबाईला फोन केला. त्या शांत माणसाला फोनवर धड बोलता येत नव्हतं.

टीपबाई घरी पोचली तेव्हा सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. "तुझ्या मशीनपेक्षा ह्याचं बेसूर गाणं बरं," त्या म्हणाल्या. "निदान वेळेवर येतं."

टीपबाई घाबरली की चिडते. ती नवऱ्यावर चिडली, उशीवर चिडली, दारात उभ्या लेकीवर चिडली, आणि मग बाथरूममध्ये जाऊन, कडी लावून, नळ सोडून रडली. आपण जे विकतो, ज्याचा पगार घेतो, ते आपल्या घरात आपल्या माणसाला फसवून गेलं, हे तिला सहन होईना.

दुसऱ्या दिवशी ती तुफानच्या खुर्चीशेजारी खुर्ची ओढून बसली आणि बेलचं कोड उघडायला लावलं. नळी निसटल्याची नोंद यादीत टाकली जात होती. लॉक न लावता. त्याच क्षणी दुसरी एखादी नोंद आली, अगदी बॅटरीची क्षुल्लक नोंद, की नळीची पुसली जायची आणि बेल गप्प बसायची. क्वचितच घडावं असं. म्हणून चाचण्यांत कधी सापडलं नाही.

"लॉक कुठे आहे?" टीपबाईने विचारलं.

"लागत नाही, टीपबाई. फंक्शन स्वतःच लावतं."

"कुणी सांगितलं?"

"वर लिहिलंय की!" तुफानने बोट ठेवून दाखवलं. आणि बोट तिथेच राहिलं. चहाचं टेबल, कडी, नणंदेचे यजमान, सगळं एकदम त्याच्या डोळ्यांसमोर आलं असावं. त्याचा चेहरा उतरला. "ही तीच?"

"तीच."

"मी तर हसलो होतो."

"सगळ्यात जास्त," टीपबाई म्हणाली. तिला त्याला फाडून खायचं होतं, पण पोरगा इतका पांढरा पडला होता की तिने त्याला पाणी आणून दिलं. मग तो पाणी पीत असताना चार शब्द सुनावलेच.

तुफानने लॉक घातलं. दोन ओळी. तपासण्या होऊन दुरुस्ती यंत्रांत जाईपर्यंत काही दिवस जाणार होते. टीपबाईने किल्लेदाराला जुनीच दुरुस्ती पुन्हा पाठवली आणि या वेळी खुलाशात लिहिलं की या कॉमेंटवर विश्वास ठेवल्यामुळे एका आजारी बाईच्या उशाशी बेल वाजली नाही, आणि ती बाई माझी सासू आहे. उत्तर चहा संपायच्या आत आलं. घेतली, आभार. आणि खाली एक ओळ, ही माहिती पहिल्याच खेपेला द्यायला हवी होती.

टीपबाईने कपाळावर हात मारला. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं, काय झालं? "स्वीकारली," ती दात-ओठ खात म्हणाली.

तोवर घरी सासूबाईंनी आपला बंदोबस्त आपणच केला होता. नातीकडून जाड कागद आणि मार्कर मागून घेऊन, खोलीच्या दारावर चिठ्ठी लावून घेतली होती:

बेल वाजत नाही. येता-जाता डोकावा.

आणि सगळे डोकावू लागले. घाबरलेच होते तसे. नवरा चहाचा कप घेऊन डोकावायचा आणि कप संपेपर्यंत खुर्चीत टेकायचा. लेक फ्रीजकडे जाताना एकदा, येताना एकदा. एकदा तर टीपबाई घरी आली तेव्हा लेक आजीच्या पलंगावर आडवी पडून, एक्सचेंजमध्ये कुणाचं लग्न कसं लाईनवर जुळलं आणि ऑपरेटर बायकांनी ते कसं चोरून ऐकलं, ते ऐकत होती. टीपबाई स्वतः भाजी निवडायला तिथेच बसू लागली. तपासायला सोपं पडतं म्हणून.

मग दुरुस्ती आली. टीपबाईने एका संध्याकाळी ती यंत्रात घातली, नळी ओढून पाहिली, आणि बेल अशी किंचाळली की सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. टीपबाई नळी घालायची, काढायची, बेल वाजायची. खूप दिवसांनी तिला बरं वाटलं. मग जाता जाता तिची नजर दारावरच्या चिठ्ठीवर गेली. खोटी टीप दिसली की तिचे हात शिवशिवायचे. तिने चिठ्ठी ओढून काढली.

"राहू दे की," सासूबाई म्हणाल्या.

"आई, आता ते खरं नाहीये. नवा माणूस वाचून गोंधळेल."

"नवा माणूस कोण येतोय इथे?"

पण चिठ्ठी तोवर चुरगळून डब्यात गेली होती.

त्यानंतरच्या आठवड्यात डोक्याला नवा ताप सुरू झाला. बेल वाजायची. धो धो वाजायची. सगळे आपापल्या कामातून उठून धावायचे, तर सासूबाई शांत, नळी निसटलेली. लावून द्यायची, दोन शब्द बोलायचे, परत यायचं. थोड्या वेळाने पुन्हा बेल.

"तुझी बेल वाजली," नवरा म्हणायचा. जसं काही टीपबाईच तिथे बसून वाजवत होती.

"माझी नाही, तुझ्या आईची आहे!"

"टीपबाई, आधी वाजत नव्हती, आता थांबत नाही," तुफान ऑफिसात कळवळून म्हणाला. तो आता प्रत्येक ओळ तीनदा वाचायचा आणि त्यामुळे त्याचं काम रखडायचं. दोघांनी मिळून कोड पुन्हा चाळलं. लॉक जागेवर होतं. यादी नीट होती. नळी निसटल्याशिवाय बेल वाजतच नव्हती. टीपबाईने नळी बदलली, जोड बदलला, चिकटपट्टी लावून पाहिली. बेल वाजतच राहिली, आणि वाजायची ती हमखास सगळे घरात असताना. तिच्या नाकी नऊ आले. आपण एक दुरुस्त करताना दुसरं काहीतरी बिघडवून ठेवलंय या धास्तीने तिला काही सुचेना.

शेवटी एका दुपारी ती घरूनच काम करायला बसली. लॅपटॉप घेऊन, पॅसेजमध्ये, सासूबाईंच्या दाराच्या फटीतून यंत्र दिसेल अशा जागी. चूक प्रत्यक्ष घडताना पकडायची, हा तिच्या धंद्यातला शेवटचा उपाय. नवरा बाहेरच्या खोलीत होता. लेक तिच्या खोलीत होती. घरात दुसरा आवाज नव्हता. फक्त यंत्राची घरघर.

सासूबाई जाग्या होत्या. त्यांनी दाराकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिल्या. मग हाताने केस सारखे केले, उशी नीट केली, पलंगाजवळच्या खुर्चीवरची शाल उचलून खुर्ची मोकळी केली. आणि मग नाकाची नळी व्यवस्थित काढून मांडीवर ठेवली.

बेल वाजायच्या आत टीपबाई आत होती.

"आई! हे काय चाललंय?"

सासूबाई दचकल्या नाहीत. "बेल वाजते का बघत होते."

"रोज?"

"तुझं मशीन. भरवसा काय त्याचा?"

टीपबाईने नळी लावली, जरा जोरातच. "अहो, मी तिकडे डोकं फोडून घेतेय! अख्खं ऑफिस कामाला लावलंय! तो पोरगा झोपत नाहीये! श्वासाशी खेळता तुम्ही, कळतंय का तुम्हाला? कुणी यावं असं वाटत होतं तर हाक मारायची होती. आवाज आहे ना एवढा!"

"हाक मारून काय सांगू?" सासूबाई म्हणाल्या. "काम काय? आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, काम नसताना लाईन अडवायची नाही."

टीपबाईने नळीला पडलेला पीळ सोडवला.

"चिठ्ठी होती तेव्हा बरं होतं," सासूबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या. "सगळे येत होते. मला एकटं नव्हतं वाटत."

टीपबाई मोकळ्या केलेल्या खुर्चीत बसली. तिला राग आला होता, तो नेमका कुणाचा हे ठरवता येईना. बाहेर नवऱ्याने चित्रांचा गठ्ठा आपटून सारखा केला. यंत्र घरघरत राहिलं. मग ती उठली, लेकीच्या खोलीतून जाड कागद आणि मार्कर घेऊन आली, आणि मांडीवर ठेवून लिहायला लागली.

सासूबाईंनी चष्मा लावला. "आण इकडे." कागद हातभर लांब धरून वाचला. "अक्षर बारीक आहे."

"दिसतंय की."

"मला दिसतंय. त्याला दिसणार नाही, चष्मा कपाळावर असतो त्याचा. आणि 'डोकावा' नको. डोकावून पळतात. 'आत या' लिही."

टीपबाईने डोळे मिटले, उघडले. दुसरा कागद घेतला. मोठ्या अक्षरात, एकेक अक्षर गिरवत, आपल्या हाताने लिहिलं:

बेल वाजत नाही. येता-जाता आत या.

"आता ठीक," सासूबाई म्हणाल्या. "लाव."

ती दाराबाहेर उभी राहून चिकटपट्टी दाबत होती तेव्हा नवरा गुणगुणत बाथरूमकडे निघाला होता. चिठ्ठी पाहून थांबला. चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"परत बिघडली?"

टीपबाईने चिकटपट्टीच्या टोकावरून बोट फिरवलं.

"हो," ती म्हणाली. "बिघडलीय. आत जा."